दीड माणूस

युद्ध जिंकलेला राजा दुट्ठगामणी संध्याकाळी राजवाड्याच्या गच्चीवर बसला आहे. सुगंधी दिवे लागलेले आहेत, नर्तकी समोर आहेत, पण राजाचं मन लागत नाही. अनुराधपूरची गादी मिळवताना एक अक्षौहिणी सैन्य आपल्या हातून मारलं गेलं, हे त्याला विसरता येत नाही. त्याची घालमेल ओळखून आठ अर्हत, म्हणजे निर्वाण गाठलेले भिक्खू, आकाशमार्गाने येतात. राजा विचारतो, भन्ते, इतक्यांचा घात केलेल्या मला समाधान कसं लाभेल? अर्हत उत्तर देतात, या कर्माने तुझ्या स्वर्गाच्या वाटेत काही आडवं येत नाही. तू मारलास तो फक्त दीड माणूस. एकाने त्रिशरण घेतलं होतं, दुसऱ्याने पंचशीलही घेतलं होतं. बाकीचे मिथ्यादृष्टी, दुःशील, ते पशुसम.

श्रीलंकेच्या महावंसाच्या पंचविसाव्या अध्यायात हा प्रसंग आहे. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात भिक्खूंनी पालीत रचलेला हा इतिहास, आणि तो सांगतो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाची गोष्ट. ती खरी घडली की नाही हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. कुणीतरी चीवर घातलेल्या माणसाने ती लिहिली, पुढच्या भिक्खूंनी ती उतरवून घेतली आणि जपली. बुद्धाच्या तोंडी असलं एकही वाक्य मला त्रिपिटकात सापडत नाही. इथे मात्र ते अर्हतांच्या तोंडी घातलं गेलं आहे.

३० ऑक्टोबर २०१७ रोजी म्यानमारच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या, कायिन राज्यात, थंडाऊंगजवळच्या बयिन्नाउंग छावणीत, सितगू सयाडो या ज्येष्ठ भिक्खूंनी लष्करी अधिकाऱ्यांसमोर प्रवचन दिलं आणि त्यात हीच गोष्ट सांगितली. तारीख नीट पाहायला हवी. २५ ऑगस्टपासून त्याच लष्कराने रखाईन राज्याच्या उत्तरेत गावंच्या गावं जाळायला सुरुवात केली होती. नाफ नदी ओलांडून लाखो रोहिंग्या, म्हणजे रखाईनमधल्या मुसलमान जमातीची माणसं, बांगलादेशात चालले होते. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

सितगू सयाडो हे कुणी गल्लीतले भडक भाषणबाज नव्हेत. १९८८ च्या उठावात त्यांनी राजाच्या दहा कर्तव्यांवर प्रवचन देऊन लष्करी राजवटीला सुनावलं होतं आणि त्यापायी त्यांना देश सोडावा लागला होता. २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळाने इरावतीचा त्रिभुज प्रदेश उद्ध्वस्त केला, तेव्हा सरकार हातावर हात धरून बसलं होतं आणि सयाडोंची माणसं तांदूळ, पत्रे, औषधं घेऊन गावोगाव फिरत होती. त्यांच्या संस्थेचे दवाखाने आहेत, डोळ्यांची रुग्णालयं आहेत. करुणा म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. म्हणूनच ते प्रवचन मला अजून सुटत नाही. क्रूर माणसाने क्रूर बोलावं हे समजतं. इतक्यांची सेवा केलेला माणूस त्या छावणीत दीड माणसाच्या गोष्टीपर्यंत कसा पोचतो?

हा प्रश्न माझ्या घरातला आहे. मी नागपूरची. माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्म घेतला. त्या दिवशी बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिलं ते कुशीनाराच्या भदंत चंद्रमणी महास्थविरांनी. आमच्याकडे हे नाव लहान पोरालाही ठाऊक असतं. मात्र ते मूळचे अराकानचे, अक्याबकडचे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. अराकान म्हणजे आजचं रखाईन आणि अक्याब म्हणजे आजचं सित्त्वे. २०१२ मध्ये ज्या शहरातून मुसलमानांच्या वस्त्या हुसकावून लावल्या आणि माणसं काटेरी तारांमागच्या छावण्यांत नेऊन ठेवली, ते हेच सित्त्वे. माझ्या आजोबांना माणूसपण देणारे शब्द ज्या मातीतून आले, त्याच मातीत आज शेजाऱ्याला माणूस म्हणायला लोक तयार नाहीत.

आणि आम्हाला तर हा हिशेब आतून माहीत आहे. कोण पूर्ण माणूस, कोण अर्धा, कुणाच्या सावलीने विटाळ होतो, कुणाच्या मरणाची कुठेच नोंद होत नाही. आमच्या चार-पाच पिढ्यांनी हे सोसलं आहे. बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसं समान आहेत असं मी मानतो, ही प्रतिज्ञा आहे. आजोबा ती म्हणताना आवाज चढवायचे. तोच धम्म हाती घेऊन कुणी पुन्हा माणसांचे पाव-अर्धे करू लागला, तर मी गप्प बसून कसं चालेल?

महाराष्ट्रात रोहिंग्या हा शब्द बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडला तो ऑगस्ट २०१२ मध्ये. आसाम आणि म्यानमारमधल्या मुसलमानांवरच्या हिंसेच्या निषेधार्थ मुंबईत आझाद मैदानावर सभा भरली. तिचं रूपांतर दंगलीत झालं, दोन जण मेले, अमर जवान स्मारकाची तोडफोड झाली. त्याआधी मोबाइलवर फोटो फिरत होते. प्रेतांच्या राशींमध्ये उभे असलेले चीवरधारी भिक्खू, आणि खाली मजकूर की बघा बौद्धांनी काय केलं. तो फोटो खरं तर तिबेटी भिक्खूंचा होता. २०१० च्या भूकंपात मेलेल्यांचे अंत्यसंस्कार करायला ते आले होते. पुढच्या वर्षी जुलैमध्ये बोधगयेत बॉम्बस्फोट झाले आणि म्यानमारचा सूड हे त्यामागचं कारण असल्याचं तपासात पुढे आलं.

आमच्या विहारात तेव्हापासून एकच पालुपद. हे सगळं बनावट आहे, बौद्धांना बदनाम करायचा डाव आहे. काका तर मला स्पष्ट म्हणाले, "पोरी, भिक्खू असं करूच शकत नाहीत. तू नको त्या बातम्या वाचतेस." त्यांचा राग मी समजू शकते. तो फोटो खोटाच होता. पण एक फोटो खोटा निघाला म्हणून जळलेली गावं खोटी होत नाहीत.

मे २०१२ च्या अखेरीस सुरुवात झाली ती एका रखाईन बौद्ध बाईवरच्या बलात्कार आणि खुनाने. काही दिवसांत ताउंगुप शहरात जमावाने बस अडवून दहा मुसलमान प्रवाशांना ठार मारलं. त्या गुन्ह्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. मग दोन्ही बाजूंची घरं जळू लागली. ऑक्टोबरात दुसरी लाट आली. वर्षअखेर सुमारे १,४०,००० लोक बेघर झाले, त्यांतले बहुसंख्य रोहिंग्या. रखाईन लोकही मेले, त्यांचीही घरं गेली, हे सांगितलंच पाहिजे. फरक पुढे पडला. छावण्यांच्या कुंपणाआड वर्षानुवर्षं अडकून पडले ते मुख्यतः रोहिंग्या.

मार्च २०१३ मध्ये मेइक्तिला. हे मध्य ब्रह्मदेशातलं शहर आहे, रखाईनपासून दूर, आणि इथले मुसलमान रोहिंग्याही नव्हते. सोनाराच्या दुकानात झालेल्या भांडणातून पेटलं, त्यात एका भिक्खूची हत्या झाली आणि मग तीन दिवस शहर जळत राहिलं. चाळीसहून अधिक माणसं मेली. त्यांत एका मदरशातली कोवळी मुलं होती. सीमेवरचे घुसखोर म्हणून जे काही सांगितलं जात होतं, त्यातलं इथे काहीच लागू पडत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी, ब्रह्मी बोलणारी माणसं होती ही. त्यांचा गुन्हा एकच, धर्म.

आणि २०१७. २५ ऑगस्टला आर्सा या रोहिंग्या सशस्त्र गटाने तीसेक पोलीस चौक्यांवर हल्ले केले. याच गटाने हिंदू गावकऱ्यांचंही हत्याकांड केल्याचं ॲम्नेस्टीने नोंदवलं आहे. लष्कराने याचं उत्तर दिलं ते गावांवर. सात लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले. पहिल्या एका महिन्यात किमान ६,७०० रोहिंग्या हिंसेत मारले गेले असा अंदाज डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने निर्वासितांच्या पाहणीतून काढला. त्यांत किमान ७३० मुलं पाच वर्षांच्या आतली होती. इन दिन गावात सैनिकांनी आणि बौद्ध गावकऱ्यांनी मिळून दहा जणांना मारून एकाच खड्ड्यात पुरलं. मरण्याआधी ओळीने गुडघ्यांवर बसवलेल्या त्या दहा जणांचा फोटो आहे, आणि हा फोटो खोटा नाही. त्याचा शोध घेणाऱ्या रॉयटर्सच्या दोन ब्रह्मी पत्रकारांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते पाचशेहून अधिक दिवस तुरुंगात राहिले. मारणाऱ्या सात सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली होती. ते वर्षभराच्या आतच सुटले.

आता मूळ प्रश्नाकडे येते. हे का झालं? याचं उत्तर शोधताना मला अनपेक्षितपणे रत्नागिरीला जावं लागलं.

१८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला बैलगाडीत घालून बंदरावर नेलं. पुढचं सगळं आयुष्य तो रत्नागिरीत कैदेत राहिला, १९१६ मध्ये तिथेच वारला. थिबा पॅलेस पाहायला आपण जातो, समुद्राकडचा देखावा पाहतो, राजाच्या दुर्दैवाबद्दल हळहळतो आणि परततो. मंडालेत मात्र त्या दिवशी एका राजापेक्षा बरंच काही गेलं. श्रीलंका-ब्रह्मदेशातल्या थेरवाद बौद्ध परंपरेत राजा हा सासनाचा, म्हणजे बुद्धाच्या शिकवणीचा, रक्षणकर्ता. संघात बेशिस्त आली तर ती निस्तरणं हे त्याचं काम. थिबाच्या वडिलांनी, मिंडोन राजाने, १८६० च्या दशकात अख्खं त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं आणि १८७१ मध्ये संगीती, म्हणजे धर्मग्रंथ तपासणारी भिक्खूंची परिषद, भरवली. कागद जळेल, तालपत्र कुजेल, दगड तरी राहील, ही त्यामागची धास्ती. इंग्रजांना या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

ही धास्ती जुन्या ग्रंथांतूनच आलेली. सासन पाच हजार वर्षं टिकेल आणि मग क्रमाक्रमाने लोप पावेल, असं अट्ठकथा, म्हणजे त्रिपिटकावरची जुनी भाष्यं, सांगतात. त्रिपिटकातल्या अभिधम्म या भागातला सर्वांत अवघड ग्रंथ पट्ठान हा आधी लोपेल. म्हणून ब्रह्मदेशात आजही लाउडस्पीकर लावून दिवसरात्र पट्ठानाचं पठण होतं. तो म्हटला जातोय तोवर धम्म शिल्लक आहे.

राजा गेल्यावर या धास्तीपोटी एक विलक्षण गोष्ट घडली. लेडी सयाडो नावाचे विद्वान भिक्खू गावोगाव फिरू लागले. राजा नाही तर सामान्य माणसानेच धम्म सांभाळायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी साध्या ब्रह्मीत पुस्तकं लिहिली, शेतकऱ्यांना अभिधम्म शिकवला, आणि आजवर अरण्यातल्या भिक्खूंपुरती असलेली विपश्यना घरगृहस्थी करणाऱ्यांच्या हाती दिली. त्यांच्या परंपरेतून पुढे सयाजी ऊ बा खिन आले, आणि त्यांच्याकडून मंडालेत जन्मलेल्या गोयंका गुरुजींनी ती १९६९ मध्ये भारतात आणली. इगतपुरीचं धम्मगिरी, गोराईचा रंगूनच्या श्वेडगॉनच्या धर्तीवर बांधलेला पॅगोडा, दहा दिवस मौन पाळून येणारी आपली माणसं, या सगळ्याच्या मुळाशी १८८५ चं ते भय आहे.

आणि मेइक्तिलाच्या मुळाशीही तेच भय आहे. मला हे मान्य करायला फार जड गेलं. धम्म बुडतो आहे, या एकाच हाकेला दोन उत्तरं आली. एकाने आत पाहायला सांगितलं, दुसऱ्याने शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवलं.

बोट दाखवायला माणसं इंग्रजांनीच आणून ठेवली होती. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानाचाच एक प्रांत होता. १९३१ साली रंगून शहरात निम्म्याहून अधिक लोक भारतीय होते. मंदीनंतर खालच्या ब्रह्मदेशातली सुमारे चौथा हिस्सा भातजमीन तमिळ चेट्टियार सावकारांकडे गेली. गोदीत तेलुगू मजूर, कचेरीत बंगाली बाबू, दुकानात गुजराती आणि तमिळ मुसलमान. ब्रह्मी माणूस आपल्याच देशात परका झाल्याचं दुःख खोटं नव्हतं. १९३० मध्ये रंगूनच्या गोदीत तेलुगू मजुरांवर हल्ले झाले, १९३८ मध्ये मुसलमानांवर. राग सावकाराचा होता, साम्राज्याचा होता. मार पडला तो फेरीवाल्याला आणि हमालाला. भिक्खू तेव्हा स्वातंत्र्याच्या चळवळीत पुढे होते. ऊ विसार १९२९ मध्ये तुरुंगात उपोषण करून मेले. गांधीजींना मानणारे ऊ ओत्तम हे पुन्हा अक्याबचेच. ते १९३५ मध्ये हिंदू महासभेचे अध्यक्षही झाले होते. देश म्हणजे धर्म आणि धर्म म्हणजे वंश, ही गाठ त्या काळात बसली आणि ती स्वातंत्र्यानंतरही सुटली नाही.

तसं पाहिलं तर अराकानचा स्वतःचा इतिहास या गाठीच्या अगदी उलट आहे. पंधराव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत म्राउक-ऊ इथून बौद्ध राजांनी अराकानवर राज्य केलं. त्यांच्या नाण्यांवर फारसी अक्षरं होती, काहींनी मुसलमानी नावं धारण केली होती, आणि सतराव्या शतकात त्यांच्या दरबारात अलाओल हा बंगाली मुसलमान कवी काव्य रचत होता. १७९९ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने तिथल्या मुसलमानांनी स्वतःसाठी वापरलेलं रूइंगा हे नाव लिहून ठेवलं. तरी १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने १८२३ पूर्वीपासून राहणाऱ्या जमातींची अट घातली, आणि सरकारमान्य १३५ जमातींच्या यादीत रोहिंग्यांचं नाव नाही. याआधी १९७८ मध्ये दोन लाखांवर लोक पळवून लावले होते, नंतर १९९१-९२ मध्ये अडीच लाख. म्हणजे २०१७ ला जे झालं त्याची तालीम आधीच दोनदा झाली होती, आणि दोन्ही वेळा हुकूम लष्कराचा होता.

भिक्खूंना सरसकट दोष देणाऱ्यांना मी २००७ ची आठवण करून देते. इंधनाचे भाव वाढले, लोक उपाशी राहू लागले, तेव्हा हजारो भिक्खू रस्त्यावर उतरले. लष्करी कुटुंबांकडून भिक्षा नाकारत त्यांनी पात्रं उलटी धरली. बौद्ध देशात यापेक्षा मोठा बहिष्कार नाही. चालताना ते मेत्त सुत्त म्हणत होते. माता यथा नियं पुत्तं, आयुसा एकपुत्तमनुरक्खे. आई आपल्या एकुलत्या एका पोराला जीव देऊन जपते, तसं सगळ्या जिवांवर प्रेम करावं. आम्ही विहारात लहानपणापासून हे म्हणत आलो, पण बंदुकांसमोर ते म्हणण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आला नाही. लष्कराने गोळ्या झाडल्या, विहारांवर छापे घातले, भिक्खूंची चीवरं उतरवून त्यांना तुरुंगात टाकलं.

पाच वर्षांनी त्याच देशात दुसरेच भिक्खू पुढे आले. मंडालेच्या मसोयेइन विहारातले विराथू २०१२ च्या सुरुवातीला माफी मिळून तुरुंगातून सुटले आणि त्यांनी ९६९ मोहीम गावोगाव नेली. बुद्धाचे नऊ गुण, धम्माचे सहा, संघाचे नऊ. हा आकडा छापलेले स्टिकर बौद्ध दुकानांवर लागले आणि खरेदी फक्त तिथेच करा असं प्रवचनांतून सांगितलं गेलं. मग मा बा था ही भिक्खूंची संघटना उभी राहिली. तिच्या दबावाखाली २०१५ मध्ये चार कायदे झाले: बौद्ध स्त्रीने परधर्मीयाशी लग्न करण्यावर, धर्मांतरावर, एकाहून अधिक लग्नांवर आणि दोन बाळंतपणांमधल्या अंतरावर. त्यांतले दोन तर बाईच्या आयुष्यालाच हात घालणारे. प्रवचनांमधून सांगितलं जाई की इंडोनेशिया एकेकाळी बौद्ध होता, अफगाणिस्तान बौद्ध होता, आता आपली पाळी. प्रत्यक्षात २०१४ च्या जनगणनेनुसार देशात बौद्ध ८७.९ टक्के आणि मुसलमान ४.३ टक्के. नऊ दशांश लोकसंख्येला आपण संपत चाललो आहोत असं पटवून देता येतं, हे आपल्यालाही शिकायला ब्रह्मदेशापर्यंत जावं लागत नाही.

संघाच्या सरकारी महानायक समितीने मे २०१७ मध्ये मा बा था या नावावर बंदी घातली. उशीर झाला होता. लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू की यांच्या पक्षाने २०१५ च्या निवडणुकीत एकाही मुसलमानाला उमेदवारी दिली नव्हती, आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्या स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लष्कराच्या बचावाला उभ्या राहिल्या. त्याच लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ ला सत्ता बळकावून त्यांना कैदेत टाकलं. पुन्हा तुरुंगात असलेल्या विराथूंना मात्र लष्कराने त्याच वर्षी सोडलं आणि जानेवारी २०२३ मध्ये मोठा किताब दिला.

आपल्याकडे यावर दोन प्रकारची माणसं बोलतात, आणि दोघांशीही माझं भांडण आहे. पहिले माझ्या घरातले. ते म्हणतात, हे खरे बौद्ध नव्हेतच. मला हे पटत नाही. ज्या संघाकडून आपण चीवर घेतलं, ध्यान घेतलं, पाली घेतली, त्याच्या घरातलं वाईट निघालं की तो आपला नाही म्हणायचं, ही सोयीची वारसागिरी झाली. दुसरे बाहेरचे. आमच्या दीक्षाभूमीशी, आमच्या बापजाद्यांच्या वेदनेशी ज्यांना कधी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना अचानक बुद्धाचा पुळका येतो. बघा, शांतिप्रिय बौद्धांनाही शेवटी शस्त्र उचलावं लागलं, असं ते लिहितात, विराथूचं छायाचित्र लावतात आणि आपल्या गल्लीतल्या मुसलमानाकडे पाहतात. त्यांना मी एवढंच सांगते, आमच्या धम्माचा असा वापर करायला आम्ही तुम्हाला देणार नाही.

बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला गेले होते, जागतिक बौद्ध परिषदेला. त्या वेळी तिथे सहावी संगीती चालू होती, बुद्धाच्या परिनिर्वाणाची अडीच हजार वर्षं पुरी व्हायला आली होती. ब्रह्मी लोकांच्या लेखी ती सासनाच्या आयुष्याची अर्धी वाट. उरलेली अर्धी राखायची होती. बाबासाहेबांनी अडीच हजार वर्षं पुरी होण्याचं तेच वर्ष, १९५६, आमच्या नव्या सुरुवातीसाठी धरलं. आपल्या शेवटच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी एक प्रश्न ठेवला आहे. बुद्धाने भिक्खू कशासाठी निर्माण केला, परिपूर्ण माणूस घडावा म्हणून, की लोकांची सेवा करणारा असावा म्हणून? धम्माचं भवितव्य या प्रश्नाच्या उत्तरावर आहे असं त्यांना वाटत होतं. मला त्यात एक भर घालाविशी वाटते. सेवा कुणाची? सितगू सयाडोंनी सेवा केली, भरपूर केली. त्यांच्या सेवेला वंशाची सीमा पडली आणि त्या सीमेपलीकडचा माणूस दिसेनासा झाला.

ती सीमा न मानणारेही त्याच संघात होते. मेइक्तिला पेटलं तेव्हा यदना ऊ विहाराचे प्रमुख ऊ विथुद्ध यांनी शेकडो मुसलमानांना विहारात घेतलं. बौद्ध बेघरही तिथेच होते. जमाव दाराशी आला आणि आतली माणसं मागू लागला. आधी मला मारा, असं सांगून भन्ते दारात उभे राहिले. जमाव परत गेला. मे २०१९ मध्ये यांगूनमध्ये, म्हणजे रंगूनमध्ये, कट्टर गटाने रमजानची नमाज बंद पाडली, तेव्हा काही भिक्खू आणि तरुण पांढरे गुलाब घेऊन मुसलमानांकडे गेले. ही माणसं थोडी होती. पण धम्म काय आहे हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, आणि या गोष्टी आमच्या विहारात मी पहिल्यांदा सांगितल्या तेव्हा आमची म्हातारी माणसंही रडली.

२०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर एक बदल दिसला. रस्त्यावर गोळ्या खाणाऱ्या, बहुसंख्य बर्मन समाजातल्या तरुणांनी, आम्ही तुमचं ऐकलं नाही, असं म्हणत रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. लष्कराविरोधी राष्ट्रीय एकता सरकारने ३ जून २०२१ च्या निवेदनात रोहिंग्या हे नाव घेऊन १९८२ चा कायदा रद्द करण्याचं वचन दिलं. दुसरीकडे सेनापती मिन आँग ह्लाईंग यांनी २०२३ मध्ये नेपिडोत संगमरवराची प्रचंड बुद्धमूर्ती उभारून तिची प्रतिष्ठापना केली, आणि त्याच काळात त्यांची विमानं बौद्ध गावांवरही बॉम्ब टाकत होती. रखाईनमध्ये आता लष्कर आणि रखाईन बौद्धांची अराकान आर्मी लढत आहेत. ज्यांना नागरिक मानलं नाही त्याच रोहिंग्या पोरांना लष्कराने २०२४ मध्ये सक्तीने भरती करून पुढे उभं केलं. ५ ऑगस्ट २०२४ ला माऊंगडॉजवळ नाफच्या काठावर पळणाऱ्या रोहिंग्या कुटुंबांवर ड्रोनचे हल्ले झाले. वाचलेल्यांनी बोट अराकान आर्मीकडे दाखवलं, तिने ते नाकारलं. कॉक्स बाजारच्या छावण्यांत दहा लाखांच्या आसपास माणसं बांबू-ताडपत्रीच्या खोपटांत राहतात. तिथे जन्मलेली मुलं आता शाळेच्या वयाची आहेत, आणि त्यांना देश नाही.

ब्रह्मी संघाशी बोलायचं तर संयुक्त राष्ट्रांचं तो ऐकत नाही. तिथून आलेल्या प्रतिनिधी बाईंना विराथूंनी भर सभेत वेश्या म्हटलं होतं. पाश्चात्त्यांचं तो ऐकत नाही, आणि मुसलमान देशांचं ऐकण्याचा प्रश्नच नाही. आमचं कदाचित ऐकेल. आमच्यात आणि त्यांच्यात चंद्रमणी महास्थविरांचं नातं आहे. तिथले भिक्खू दीक्षाभूमीला येतात, आम्ही त्यांना चीवरदान करतो, भोजनदान करतो, त्यांच्या पायांशी बसतो. इतकं करून आम्ही त्यांना एकदाही विचारत नाही की भन्ते, रखाईनमध्ये काय चाललं आहे. काकांचं म्हणणं, ते पाहुणे आहेत, पाहुण्याला असं विचारू नये. मला वाटतं, संघाला प्रश्न विचारणं हे उपासकाचं कामच आहे. कोसंबीचे भिक्खू भांडत राहिले तेव्हा तिथल्या उपासकांनी त्यांचं अन्न बंद केलं होतं आणि ते वठणीवर आले होते. ही गोष्ट विनयपिटकातली आहे.

म्हणून आमच्या विहाराच्या वतीने आम्ही एक पत्र लिहीत आहोत, ओळखीच्या ब्रह्मी विहारांना पाठवायला. त्यात मागणी एवढीच. या माणसांना त्यांच्या नावाने हाक मारा, १९८२ चा कायदा जावा असं प्रवचनात सांगा, आणि शस्त्रधाऱ्यांना महावंसाऐवजी मेत्त सुत्त ऐकवा. काकांनी अजून सही केलेली नाही. पण परवा त्यांनी मसुदा मागून घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "मेलेल्यांचे आकडे नीट तपासून घाल, कोणी मोजले तेही लिही. म्हणजे तिकडे कुणी खोटं म्हणणार नाही." त्यांचं बरोबर आहे. सध्या तेच काम चालू आहे.